कळ्यांच्या दिवसांतली कविता

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकतं. वेलांटी कोणती द्यायची ते मला अजून नीट कळत नाही. अक्षर तर एका अंगाला कलतं, गाडीत नीट न लावलेल्या पोत्यासारखं. चौथीनंतर पेन हातात आला तो सही करण्यापुरताच. शिवाय ही वही माझी नाही. पुढची पानं मंदाची आहेत, माझ्या लेकीची. तिनं ती आत दुमडून ठेवली आहेत. मी वही उलटी धरून मागच्या बाजूनं लिहिते, म्हणजे तिच्या पानांना माझा हात लागत नाही. जिची वही आहे तिनं कधी हे पाहिलं तर अक्षराला हसावं, रागावू नये.

आज शाळेत पुन्हा ती कविता सुरू झाली. दर वर्षी भादव्यातच येते. बाहेर मिरचीला कळ्या धरलेल्या असतात, आणि आत मॅडम पोरांना व्हरांड्यात गोल बसवून म्हणतात, "एक व्यापारी होता." मी शाळेत खिचडी शिजवते. माझं पत्र्याचं स्वयंपाकघर व्हरांड्याला लागूनच आहे. तांदूळ निवडायला मी दाराशी बसते, त्यामुळे सगळं ऐकू येतं. सुपातला खडा कधी कधी हातातच राहतो. आज तसाच राहिला.

पिंपळगाव रेणुकाईच्या या बाजूला पाऊस थोडा उघडला की रानात पांढऱ्या जाळीची घरं चमकायला लागतात. शेडनेट म्हणतात त्यांना. लांबून वाटतं, कोणाच्या तरी लग्नाचे मांडव पडलेत. आत मिरची असते, पण खायची नव्हे, बियाण्याची. आणि मिरचीच्या ओळींमधून पोरी असतात, वाकलेल्या. मिरचीचं फूल खाली मान घालून उमलतं. त्याच्याकडं बघायचं तर माणसाला त्याच्याहून खाली वाकावं लागतं. उद्या उमलणारी कळी आजच ओळखायची, चिमट्यानं तिच्या पाकळ्या उघडायच्या, आतले निळसर नर, म्हणजे परागाच्या बारीक पुड्या, काढून टाकायचे आणि देठाला लाल दोरा बांधायचा. सकाळी दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग आणून तिला लावायचा. याला क्रॉसिंग म्हणतात. एखादा नर आत राहून गेला तर बी भेसळीचं होतं. म्हाताऱ्या बायांना ते दिसत नाही, पुरुषांची बोटं जाड पडतात. पोरीच लागतात, चौदा-पंधरा वर्षांच्या.

म्हणून भादव्यात आमच्या शाळेत मुलींची रांग आखूड होते. खिचडीचं पातेलंही मी तेवढं कमी भरते.

मंदा दहावीला होती त्या वर्षी मॅडम नवीन आल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळा पुसून टाकला आणि पोरांना बाहेर काढलं. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, हा तास आहे का पारावरच्या गप्पा?" मॅडम म्हणाल्या, "सर, गप्पाच आहेत. फक्त आठशे वर्षं जुन्या माणसांशी आहेत." पोरं हसली. हेडमास्तर हसले नाहीत, पण गेले.

त्यांची रीत अशी होती. जुनी कविता त्या मोठ्यानं वाचत. अर्थ सांगत नसत. प्रश्न विचारत, आणि कोणी काही बोललं की "का?" म्हणत. शेवटी सगळ्यांनी आपापल्या वहीत एक पान लिहायचं, मनात येईल ते. मॅडम वह्या घरी नेऊन वाचत. पण जे पान दाखवायचं नसेल ते आतल्या बाजूला दुमडायचं. दुमडलेलं पान मॅडम उघडत नसत. पोरांना आधी खरं वाटलं नाही. कैलास म्हणून जीपवाल्याचा एक वात्रट पोरगा होता, त्यानं मुद्दाम मॅडमबद्दलच काहीतरी लिहिलं आणि पान दुमडलं. चार दिवस तो घाबरून मागं बसला. वही परत आली ती दुमड जशीच्या तशी. त्या दिवसापासून वर्गाची भाषाच बदलली. पोरं जपून लिहायची ती मोकळी लिहायला लागली.

मला एकदा म्हणाल्या, "मावशी, तुम्ही पण लिहीत जा." मी पदर तोंडाला लावून आत पळाले. मला चारचौघांत बोलता येत नाही. तोंड उघडायच्या आधीच मान खाली जाते. बाजारात भावसुद्धा मी हळू विचारते, मग दुकानदार म्हणतो, "काय म्हनल्या मावशी?" आणि मी नुसतेच पैसे पुढं करते.

मंदा माझ्यावर गेली नव्हती. तिला बोलायला लागायचं. भाकरी थापताना माझ्या समोर बसून वर्गातलं सगळं पुन्हा सांगायची, प्रत्येकाचा आवाज काढून. मी वर्गाच्या बाहेरच बसलेली असे, मी सगळं ऐकलेलं असे. तरी मी ऐकायची.

ती कविता एका व्यापाऱ्याची आहे. त्याचा बैलांचा तांडा पुरात वाहून गेला. पुन्हा धंदा उभा करायला त्यानं राजाकडून मोहरा घेतल्या. राजानं विचारलं, तारण काय? व्यापाऱ्यापाशी लेकीशिवाय काही नव्हतं. म्हणाला, चार महिने हिला ठेवा, पाऊस सरला की मोहरा आणतो. पाऊस सरला. असे पुष्कळ पाऊस सरले. तो आला तेव्हा म्हातारा झाला होता. राजा म्हणाला, कोठारात जा. कोठाराच्या किल्ल्या एका बाईच्या कमरेला होत्या. ती त्याची लेक. त्यानं तिच्यापुढं मोहरा ओतल्या. तिनं मान वर न करता त्या मोजल्या, पुऱ्या आहेत म्हणाली, आणि कविता तिथंच संपते.

मॅडमनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "तिनं वर का पाहिलं नाही?"

कैलास म्हणाला, "म्हातारा हाय का तरना, तिला काय करायचं? तिचं काम मोजायचं." पोरं हसली.

सुनीता नावाची मुलगी होती, ती चिडून म्हणाली, "राग आल्ता तिला. माह्या बापानं जत्रेतून बांगड्या न्हाई आनल्या तं मी आठ दिस बोलत न्हाई. हिला तं आख्खी हयात बसवून ठेवलं."

"का?" मॅडम म्हणाल्या.

"काहून म्हंजे? टाकून गेला ना!"

"टाकून न्हाई, ठेवून," कैलास म्हणाला. "फरक हाय."

"तुला ठेवतो मंग. राह्यतो का?"

बराच वेळ असा गोंधळ चालला. मंदा खांबाला टेकून बसली होती. तिचा आवाज मला पातेल्याच्या वाफेतून ऐकू आला. "मॅडम, तिनं वर पाह्यलं असतं तं मोजनं चुकलं असतं."

कोणी हसलं नाही. मॅडम 'का' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "आज एवढ्यावरच लिहा."

मंदानं लिहिलं आणि पान दुमडलं. तिनं लिहिलेल्या पानांतलं ते शेवटून दुसरं.

त्याच आठवड्यात ती शाळेत यायची बंद झाली. मंदाचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. शहागडच्या पुलापाशी मेंढरं हायवेपार नेताना ट्रकनं त्यांनाच ठोकरलं. पाय वाचला, पण दवाखान्याच्या खर्चात मेंढरं विकली गेली आणि वर नानांकडून उचल घ्यावी लागली. नानांचं शेडनेट आमच्या गावापासून कोसभर आहे. उचल म्हणजे आगाऊ दिलेले पैसे, पण ते नुसते पैसे नसतात. ते हातावर दिलेले असतात. अमक्याच्या पोरीचे हात या सीझनला माझे, असा त्याचा अर्थ. हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. मॅडम बाहेरच्या, त्यांना माहीत नव्हतं.

मॅडमनी आपल्या पगारातून पैसे आणले. नाना शाळेच्या गेटपाशी मोटारसायकलवर बसलेले असताना त्यांच्यापुढं धरले. मी पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ होते.

"ठेवा मॅडम तुमच्यापाशी," नाना म्हणाले. आवाज चढवला नाही. नाना कधी आवाज चढवत नाहीत. "सीझन सुरू झाल्यावर मला पैसा न्हाई लागत, बोटं लागतात. कळी आज उघडायची तं आजच उघडावी लागती. ती काय तुमच्या पैशाकडं बघून थांबून राह्यती का?"

"ती दहावीला आहे हो."

"माह्या प्लॉटवरच्या साऱ्या पोरी कोन्या ना कोन्या वर्गात हायेत, मॅडम. घ्या ना त्यांचा तिथंच तास."

मॅडमचं तोंड उतरलं. पण त्या चिवट होत्या. शेवटी असं ठरलं की सकाळी पराग लावून झाला की मंदानं शाळेत यायचं आणि तीन वाजता पुन्हा कळ्यांना जायचं. नाना म्हणाले, "माही काही हरकत न्हाई. काम बराबर पाह्यजे बस."

ते दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. दुपारचं ऊन असं की व्हरांड्याच्या फरशीला पाय लागू देईना. जाळीच्या आत त्याहून जास्त, ओला उकाडा. औषध फवारलं की पोरींचे डोळे लाल व्हायचे. मंदा रानातून पळत यायची, ओढणीला फवारणीचा वास, केसांत लाल दोऱ्याचे तुकडे. मी खिचडी पुढं ठेवायची. ती खाता खाता डुलायची. तरी गोलात जाऊन बसायची. पोरं काही बोलली की मान हलवायची. स्वतः बोलणं कमी झालं. एकदा मॅडमनी तिला काही विचारलं तर ती झोपेत होती, आणि बोटं मात्र चालू होती, अंगठा आणि पहिलं बोट, हवेतलीच कळी उघडत. कैलासनं ते पाहिलं. तो वात्रट पोरगा, पण त्यानं हळूच आपलं दप्तर तिच्या डोक्यामागं सरकवलं आणि दुसरीकडं बघायला लागला.

घरी मंदाचे वडील दारात पाय पसरून बसलेले असायचे. म्हणायचे, "मह्या एका पायापायी पोरीचे दोन हात गेले." आधी ते थट्टेत म्हणायचे. नंतर म्हणायचे बंद झाले.

दिवाळीनंतर फळं लाल झाली. दोरा असलेली तेवढी तोडायची, मग वाळवून बी काढायचं. मिरचीचं बी काढणाऱ्या हाताची आग कशी असते ते लिहून सांगता येत नाही. हातमोजे देतात, पण ते घालून बी सुटत नाही म्हणून पोरी काढून ठेवतात. मी रोज संध्याकाळी मंदाचे हात ताकात बुडवून धरायची. ती म्हणायची, "माय, पेन धरला तं पेनालाबी तिखट लागतं." त्या दिवसांतली तिची पानं कोरी आहेत. दुमडलेलीसुद्धा नाहीत.

परीक्षेचा पहिला पेपर मराठीचा होता. आदल्या दिवशी अंधार पडेपर्यंत ती बियाण्याच्या ढिगापाशी होती. पहाटे मी गोठ्यात असताना तिनं स्वतःच चूल पेटवली, कढत पाणी घेतलं आणि डोक्यावरून अंघोळ केली. चांगल्या कामाला जायचं म्हणून. मिरचीच्या हाताला कढत पाणी लागू द्यायचं नसतं. आग वाढते आणि जिथं हात फिरेल तिथं जाते. केसांतून कपाळावर, कपाळावरून डोळ्यांत. भोकरदनच्या बसमध्ये बसली तेव्हा तिचे डोळे सुजून मिटले होते. मॅडम सेंटरवर होत्या. त्या नंतर म्हणाल्या, वर्गावरच्या बाई तिला सारखं म्हणत होत्या, अगं रडू नको, पेपर सोपा आहे. ती रडत नव्हती. तिला पेपर दिसत नव्हता. अर्ध्या तासानं ती उठून आली. पुढच्या पेपरांना गेली नाही. मॅडम घरी आल्या, बसल्या, चहा घेतला, बोलल्या. मंदा म्हणाली, "हो मॅडम." आणि दुसऱ्या दिवशीही गेली नाही.

त्यानंतरचा पाऊस लागताना बियाण्याची तपासणी होऊन आली. भेसळ निघाली होती. कंपनीनं माल परत केला. नाना आमच्या दारात आले, मंदाच्या वडिलांजवळ बसले, तंबाखू मळली. म्हणाले, "कोनाच्या ओळीत गडबड झाली ते समजून राह्यलं मला. बाकीच्या पोरी दिसभर तिथंच व्हत्या. एकच पोरगी शाळंत जाऊन झोपंत काम करत व्हती." खरं काय, ते कोणाला माहीत. कळ्यांवर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. पण शाळेत एकटी मंदाच जात होती. त्यामुळं नुकसान आमच्या नावावर आलं. ते उचलीहून किती तरी मोठं होतं.

मंदा बोलेल असं वाटलं होतं. तिनं खुंटीवरची ओढणी घेतली आणि नानांच्या मागं मोटारसायकलवर बसून गेली.

पुढं तिचं तिथंच लग्न लागलं, शेडनेटची राखण करणाऱ्या पोराशी. वाईट नाही तो. जाळीच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहतात. मंदाची नजर बारीक, म्हणून नानांनी तिला पोरींवर नेमलं. आता सीझनच्या आधी तीच गावोगाव फिरते, पोरींची बोटं बघते आणि त्यांच्या घरी उचल देऊन येते. आमच्या गल्लीतसुद्धा येऊन जाते. आमच्या घरी येत नाही असं नाही. सणाला येते, बापाच्या पायाला तेल लावते, जेवते. पण बोलत नाही. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं.

तिचा पगार नुकसानीत कापला जात होता. मी गोधड्या शिवायला घेतल्या. शाळेचं मानधन कधी येतं, कधी दिवाळीला यायचं ते होळीला येतं. गोधडीचे पैसे मात्र हातात पडतात. पिंपळगावच्या यात्रेत, आठवडी बाजारात, मी गोधड्या पसरून मान खाली घालून बसायची. लोक स्वतःच भाव करायचे आणि स्वतःच वाढवायचे. जमले की नानांना नेऊन द्यायची. असं किती वर्षं चाललं ते लिहीत नाही.

मध्ये एकदा मॅडमनी ही वही मला आणून दिली. इतके दिवस त्यांच्या कपाटात होती. "मंदाची आहे. दुमडलेलं मी काही उघडलेलं नाही," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मावशी, तिचे पैसे फिटले की तिला एवढं सांगा. बाहेरून बसता येतं दहावीला. वय आड येत नाही. मी शिकवीन."

बाहेरून बसता येतं. हे तीन शब्द मी गोधडी शिवताना टाका घालावा तसे रोज म्हणत आले. मोठ्यानं म्हणून पाहायची, शेळीपुढं. शेळीपुढं नीट यायचे.

आज शाळेत तो व्यापारी पुन्हा आला, राजानं त्याला विचारलं, तारण काय, आणि तास संपला. उरलेलं मॅडम उद्या वाचतील. मी भांडी घासली, कमरेची पिशवी चाचपली आणि शेडनेटची वाट धरली. शेवटचे पैसे होते. रान असं हिरवं होतं की डोळ्यांना सोसेना. बांधावर कुर्डूची फुलं, ओढ्याला गढूळ पाणी. जाळीच्या आत कोणाच्या तरी मोबाइलवर गाणं लागलं होतं आणि कळ्यांवर वाकलेल्या पोरी त्याच्याबरोबर गुणगुणत होत्या. बाहेरून दिसत होत्या त्या नुसत्या पाठी.

नाना खाटेवर पडले होते. म्हणाले, "मंदापाशी दे. हिशोब आता तीच पाह्यती."

मंदा पत्र्याच्या खोलीत लाल दोऱ्याची बंडलं मांडत होती. मी दारात उभी राहिले. ती म्हणाली, "आन." मी पिशवी दिली. तिनं नोटा काढल्या, गोणपाटावर मांडी घातली आणि मोजायला लागली. बोटाला थुंकी लावायची तिला आधी सवय नव्हती. आता आहे.

मला बोलायचं होतं. शब्द तयार होते. पण तोंड उघडायच्या आधी माझी मान खाली गेली, नेहमीसारखी. मला फक्त तिची बोटं आणि नोटा दिसत होत्या. बाहेर गाणं चालू होतं. नोट सरकल्याचा बारीक आवाज येत होता, एकीमागून एक, एका लयीत.

मग तो आवाज थांबला. बोटं नोटेवर तशीच राहिली. मी मान वर केली नाही, मला धीर झाला नाही, त्यामुळं ती कुठं बघत होती ते मी पाहिलेलं नाही. मग तिनं मोजलेल्या आणि न मोजलेल्या सगळ्या नोटा पुन्हा एकत्र केल्या, गुडघ्यावर ठोकून सारख्या केल्या, आणि पहिलीपासून मोजायला घेतल्या.

"बराबर हायेत," ती म्हणाली. पैसे सगळे फिटले.